यू डाइड, ताई!

आधीच कबूल करते. गेमिंगमधला माझा बायोडेटा जाम किरकोळ आहे. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाकडे कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम होता. त्यावर ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’. माझा नंबर लागायचा नेमक्या त्याच वेळी त्याच्या आजीची सिरियल सुरू व्हायची. मग नोकियावरचा साप, कॉलेजात असताना लोकलमध्ये ‘टेंपल रन’ आणि ‘कँडी क्रश’, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्या खानदानाबरोबर ‘लुडो किंग’. (हा लुडो आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा आहे, माहितीये?) थोडक्यात काय, तर आपली कॅटेगरी टाइमपास! गेम म्हणजे घाटकोपर ते दादर. स्टेशन आलं की बंद.

अशा बाईचे गेले तीन महिन्यांचे रविवार ‘एल्डन रिंग’ नावाच्या गेममध्ये गेलेत. आणि त्या तीन महिन्यांत ती काही शे वेळा मेलीये. कसं काय? तर एक फोन आला होता.

फोन बोरिवलीच्या मावशीचा. “अगं, जरा येऊन जा ना. तुझं ऐकतो तो. दिवसभर त्या गेममध्ये डोकं घालून बसलेला असतो.”

‘तो’ म्हणजे माझा मावसभाऊ. वय पंचवीस. सीए फायनलचा दुसरा ग्रुप तिसऱ्यांदा राहिला होता. आमच्याकडे सीएला कुणी नापास होत नाही, ग्रुप ‘राहतो’. जणू छत्रीसारखा कुठेतरी विसरून राहिलाय! रिझल्ट लागल्यापासून गडी कुणाशी धड बोलत नव्हता. जेवायला बाहेर यायचा, ताट घेऊन परत आत.

निघाले. मुलुंडहून स्लो लोकलने घाटकोपर, मेट्रोने अंधेरी, तिथून बोरिवली. मासकॉमची डिग्री आहे आपल्याकडे, कम्युनिकेशन हा तर आपला धंदा! रस्ताभर भाषण तयार केलं. अपयश, यश, पायरी वगैरे... सगळा माल भरला.

खोलीत शिरले तर साहेबांनी स्क्रीनवरून नजरही काढली नाही. “भाषण द्यायला आलीयस ना ताई? दे. पण आधी हा घोडेवाला मारून दाखव.” आणि कंट्रोलर माझ्या हातात.

हिरवंगार माळरान. लांबवर सोन्याचं झाड. समोर सोनेरी चिलखत घातलेला एक घोडेस्वार शांतपणे फिरतोय. मी ऐटीत गेले आणि आठव्या सेकंदाला स्क्रीन काळी. मध्ये लाल अक्षरं, ‘यू डाइड’. परत गेले. यू डाइड. अकरा वेळा गेले, अकरा वेळा मेले. अकराव्या वेळी तर घोड्याकडे पोचायच्या आधीच कड्यावरून खाली पडले, आणि शेजारून खिदळण्याचा आवाज आला.

मावशी हातात लाटणं घेऊन दारात. “कोण हसलं?”

भाषण राहिलंच. अगदी त्याच्या ग्रुपसारखं!

ही भानगड आहे तरी काय?

ज्यांना गंधच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. तुम्ही एक पात्र घेता, ते तलवारीने लढणार की जादूने हे ठरवता आणि हळूहळू त्याला वाढवत नेता. यातलीच एक जमात महाकठीण म्हणून प्रसिद्ध आहे. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने ‘डिमन्स सोल्स’ (२००९) आणि ‘डार्क सोल्स’ (२०११) काढून तिचा पाया घातला. ‘एल्डन रिंग’ २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. त्याच्या जगाचा पूर्वेतिहास लिहिण्यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात आहे. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान यालाच मिळाला, आणि २०२५ पर्यंत तीन कोटींच्या वर प्रती खपल्या.

आता गंमत ऐका. यात ‘ईझी’ नावाची सेटिंगच नाही! पॉजचं साधं बटणही नाही. मावशीने चहाला हाक मारली तर राक्षस थांबत नाही. शत्रूला मारलं की ‘रून्स’ मिळतात, आणि इथे पैसा आणि अनुभव दोन्ही तेच. तुम्ही मेलात की जमवलेले सगळे रून्स जिथे मेलात तिथेच पडून राहतात. परत तिथवर जाऊन उचलायचे. पण वाटेत पुन्हा मेलात तर गेले, कायमचे! बोनस पार्किंगमध्ये पडला आणि पार्किंगमध्ये वाघ सुटलाय, असा प्रकार.

आणि तो सोनेरी घोडेवाला? दुसऱ्या रविवारी भावाने गुपित फोडलं. “ताई, त्याला आत्ता मारायचंच नसतं. बाजूने निघून जायचं. जग केवढं मोठं पडलंय!”

अकरा वेळा मेल्यावर सांगतोय, हलकट.

ओरॅकल सोडणारा माणूस

घरी येऊन मी जर्नलिस्टगिरी केली. हे खेळ बनवणारा माणूस हिदेताका मियाझाकी. जन्म १९७४ चा. आधी ओरॅकलमध्ये बरी नोकरी करत होता. मित्राने सांगितलं म्हणून ‘इको’ नावाचा गेम खेळला आणि त्याला वाटलं, आपल्याला हेच करायचंय. २००४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, कमी पगार घेऊन तो फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये लागला. (माझ्या वयाच्या आसपासच की! मी हे वाक्य तीनदा वाचलं.) कंपनीत तेव्हा ‘डिमन्स सोल्स’ हा प्रोजेक्ट रडतखडत चालला होता. याने तो मागून घेतला. हिशोब सरळ होता. प्रोजेक्ट आधीच बुडालेला मानला जातोय, मग आपण काहीही करून बघितलं तरी नुकसान काय? २०१४ मध्ये हाच माणूस कंपनीचा अध्यक्ष झाला.

त्याने सांगितलेला आणखी एक किस्सा मला फार आवडला. एकदा बर्फात चढावर गाड्या अडकल्या होत्या. याची गाडी निघेना. मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ढकलायला सुरुवात केली आणि एकेक करत सगळे वर चढले. याला मात्र थांबून थँक्यू म्हणता आलं नाही. थांबला असता तर परत अडकला असता. त्या अनोळखी मदतीची आठवण त्याने आपल्या गेम्समध्ये घातली. ‘एल्डन रिंग’मध्ये कुठलाही अनोळखी खेळाडू जमिनीवर ठरावीक शब्द जुळवून निरोप ठेवू शकतो, ‘पुढे सापळा’ वगैरे. तुम्ही त्या निरोपाला दाद दिलीत, तर लिहिणाऱ्याची ताकद तिकडे भरून येते. कदाचित तो त्या क्षणी कुठेतरी मरायला टेकलेला असतो.

(काही निरोप ‘इथे उडी मारा’ असेही असतात. मारू नका. मी मारली.)

टीपी पब्लिकसाठी पाच फंडे

माझ्यासारखेच असाल आणि हात घालायची खुमखुमी आलीच असेल, तर हे तीन महिन्यांचं सार.

१. आधी जीव, मग तलवार. सुरुवातीचे रून्स ‘व्हिगर’वर, म्हणजे स्वतःचा जीव वाढवण्यावर खर्च करा. नवखे सगळं हल्ल्यात घालतात आणि एका फटक्यात आडवे होतात.

२. अडलात तर वळा. पहिला मोठा राक्षस मार्गिट. किल्ल्याच्या वाटेवर उभा असतो आणि नवख्यांची चटणी करतो. त्याला सोडून दक्षिणेला ‘वीपिंग पेनिन्सुला’कडे जा. तिथे जरा सोपं आहे. ताकद कमवा, मग परत या.

३. मदत घ्या, लाजू नका. सुरुवातीलाच लांडग्यांच्या आत्म्यांना बोलवायची सोय मिळते. मार्गिटच्या दाराशी रॉजियर नावाचा जादूगारही हाकेला येतो. “असं जिंकणं खरं नव्हे” म्हणणारी मंडळी भेटतील. त्यांना ऑफिसला जायचं नसतं.

४. घड्याळ लावा. माझा नियम एक तासाचा. आणि लागोपाठ तीनदा एकाच जागी मेलात तर उठा, पाणी प्या. बंद करण्याआधी रून्स खर्च करून टाका, म्हणजे झोप लागते.

५. हाच गेम पाहिजे असं नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पाळीपाळीने खेळायचा आहे. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो आणि त्यात चक्क सोपी पातळीही आहे. सरावाला आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) घ्या. तो आरपीजी नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, पण हात बसायला मस्त. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या राजीची ती गोष्ट. २०१७ मध्ये या टीमने किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. गेम तरीही आला. पीसीवर स्टीमवरून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

पॉज नसलेला गेम

आता मुद्द्याचं. हे लिहू का, असं मी त्याला विचारलं. “नाव टाकू नकोस, बाकी लिही,” म्हणाला. म्हणून लिहितेय.

सहावा रविवार. मी मार्गिटसमोर. हा मार्गिट काठी उचलतो आणि वरच धरून ठेवतो. आपण घाबरून गोल बटण दाबतो, बाजूला लोळण घेतो, आणि आपण उठेपर्यंत थांबून तो हाणतो. त्या दिवशी माझं पंचविसावं की सव्विसावं मरण चालू होतं. भाऊ शेजारी बसून शेंगदाणे खात होता. अचानक म्हणाला,

“ताई, शेवटच्या पेपरला मी तासाभरात उठलो.”

मी लोळण घेतली.

“पहिला प्रश्न येत होता मला. पण मागच्या वेळी पण असंच वाटलेलं. हात चालेना. सुपरवायझरला पेपर दिला आणि संध्याकाळपर्यंत नॅशनल पार्कच्या गेटपाशी बसून राहिलो. आईला वाटतं, थोडक्यात राहिला.”

मी खेळत राहिले. मी थांबले असते तर तोही थांबला असता. दोघांच्या नजरा टीव्हीवर, म्हणून तो बोलत होता. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर “काही नाही गं” एवढंच आलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी स्वतः तेच करते.

मेल्यावर मी म्हटलं, “मीही चार महिन्यांत एकाही एडिटरला नवा विषय पाठवला नाहीये. एक मोठी स्टोरी परत आली. एका ओळीचा मेल. तेव्हापासून मेलबॉक्स उघडते आणि बंद करते.”

“आणि मला भाषण द्यायला आलीस?”

“तेच सांगतेय. तयारी सॉलिड होती.”

मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मार्गिटने मला आणखी दोनदा मारलं.

आता कुणी म्हणेल, वा, गेमने आयुष्याचा धडा दिला! जरा दमानं. गेममध्ये मेलं की दोन मिनिटांत परत दाराशी. परीक्षेत मेलं की महिनोन्‌महिने जातात, फी जाते, बरोबरचे मित्र पुढे जातात आणि लग्नात काका विचारतात, “काय मग, झालास का सीए?” मार्गिट प्रत्येकाला त्याच नियमाने मारतो. बाहेर तसं नसतं. तेव्हा तुलना पुरे.

पण एक गोष्ट खरी. तिसाव्या वर्षाकडे सरकता सरकता आपण ज्यात बरे आहोत तेवढंच करत राहतो. दुसऱ्यासमोर एखादी गोष्ट धडधडीत वाईट करून दाखवायची सवयच मोडते. मी त्याच्या खोलीत सहा रविवार वाईट खेळत होते, तो बघत होता, हसत होता, “डावीकडे, डावीकडे!” ओरडत होता. त्या खोलीत नापास होणं ही रोजची गोष्ट झाली होती. तिथे मग त्याची गोष्ट बाहेर आली.

त्या बुधवारी त्याने मावशीला स्वतःच सांगितलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळी वाढताना विचारलं, “फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे रे?” फॉर्म भरलाय. पुढचं पुढे. मी दोन विषय पाठवले. एकाला ‘नाही’ आलं, दुसरा हा तुमच्या हातात आहे.

आणि मार्गिट? पडला! सदतिसाव्या झटक्यात. लांडगे घेतले, रॉजियर घेतला, जे मिळेल ते घेतलं. मी किंचाळले, भाऊ पलंगावर उभा राहून नाचला, आणि मावशी पुन्हा दारात.

“संपला का एकदाचा?”

“नाही मावशी, हा नुसता गेटवरचा वॉचमन होता.”

मावशीने दोघांकडे बघितलं. “मग रविवारी जेवायलाच ये. पुरणपोळी करते.”