उपास आणि उपासमार

वाचकहो, दिवाळीत आपण घरोघर दोनच प्रश्न विचारतो : 'फराळाला कधी येता?' आणि 'अगं, अशी वाळलीस का?' पहिला निरुपद्रवी आहे; दुसऱ्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

माझी भाची खामगावला असते. वय सतरा. दोन वर्षांपूर्वी तिने सोमवार धरले. मग शनिवार, चतुर्थी आणि गुरुवारही. गुरुवार तर शेगावच्या गजाननमहाराजांचा. आमच्या जिल्ह्यात त्याला नको कोण म्हणणार? साऱ्यांना कौतुकच! परंतु उपास सोडायची वेळ आली की पोरीचा चेहरा उतरे. व्रताचा उपास सुटतो, हिचा सुटेना. पाळी थांबली, भोवळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितले : ॲनोरेक्सिया.

नाव परके, पण आजार नवा नव्हे. 1873 साली लंडनचे डॉ. गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. हा हट्ट नव्हे की नखरा नव्हे. वजन वाढण्याची भीती मनात ठाण मांडते आणि प्रसंगी प्राणांवर बेतते. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. तेही उदास, चिडखोर झाले. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. उपाशी माणसाला उपदेश पचत नाही तो असा!

आमच्या ताईने शपथा, अश्रू, धमक्या सारे बंद केले. किती वाढायचे ते डॉक्टर ठरवतात, कारण फार दिवसांच्या उपाशी देहाला एकदम भरपूर अन्नही घातक ठरते. ताई स्वतःचे ताट घेऊन शेजारी बसते, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलते, आणि जेवणानंतर अर्धा तास लेकीला एकटे सोडत नाही. पोर रागावली तर ऐकून घेते. ताट मात्र उचलत नाही.

गेल्या महिन्यात भाचीने माझ्यासमोर शेगावची अर्धी कचोरी खाल्ली. मी "शाब्बास" म्हटले नाही. परीक्षेची तारीख विचारली. कारण 'आता बरी भरलीस हं' हे कौतुकही तिला टोचते.

घरात कोणी असे असेल तर डॉक्टर गाठा. 2022 पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर मोफत बोलते. आणि यंदा फराळाला आलेल्या पोरीबाळींना कॉलेजचे विचारा, मैत्रिणींचे विचारा. अंगाचे तेवढे विचारू नका.