कातरणाची गोधडी : माल आतूनही खरा हवा

आमच्या शिंपी बांधवांच्या दुकानात रोज कातरण पडते आणि किलोच्या भावाने भंगारात जाते. त्याच कातरणाच्या गोधड्या शिवून घरातील भगिनींना चार पैसे मिळू शकतात, असे आमचे मत आहे. मात्र घरच्या वापराची गोधडी वेगळी आणि बाजारचा माल वेगळा.

पहिली गोष्ट कापडाची. सुतीला सुतीच जोडावे. सुती आकसते, पॉलिस्टर आकसत नाही. मग पहिल्याच धुण्यात शिवण गोळा होते. म्हणून कापण्याआधी कापड धुवावे. लाल व गडद निळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा.

दुसरी गोष्ट मापाची. ५४ बाय ७२ इंचांच्या गोधडीत ९ इंची ४८ चौकटी बसतात. एका चौकटीत ९ तुकडे, म्हणजे एकूण ४३२. पुठ्ठ्याच्या मापाने प्रत्येक तुकडा साडेतीन इंच चौरस कापावा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो. लांबीत २३ शिवणी येतात. प्रत्येकीत एक सूत जास्त गेले तर गोधडी जवळजवळ ३ इंच कमी भरते.

तिसरी गोष्ट सचोटीची. गोधडीच्या पोटात काय आहे, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या पैगंबर साहेबांची (स.) शिकवण इथे लागू होते. विरलेले कापड आत दडवू नये. आणि ४३२ तुकडे जोडणाऱ्या हातांची मजुरी आधी किमतीत धरावी, वेळेवर द्यावी. तरच या धंद्यात बरकत येईल, इन्शाअल्लाह.