पैशाला दार, उद्योगाला भिंत

आपल्या देशात कोणत्या परकीयाला घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. त्याविषयी वाद नाही. परंतु ही निवड कोणत्या कसोटीवर केली जाते, यावरून त्या राष्ट्राला मोल कशाचे वाटते हे कळते. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी दोन आदेश काढले. एका आदेशाने, एच-१ बी व्हिसावर परदेशातून नवा कर्मचारी आणू पाहणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरचा आकार बसविला. दुसऱ्याने, अमेरिकी सरकारला दहा लाख डॉलरची देणगी देणाऱ्या परकीयासाठी कायम वास्तव्याची वाट मोकळी करणारे ‘गोल्ड कार्ड’ जाहीर केले. कौशल्यावर दंड आणि संपत्तीला पायघड्या, असे हे दुहेरी धोरण आहे. ते न्याय्य आहे काय हा एक प्रश्न. ते अमेरिकेच्या तरी हिताचे आहे काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न.

धनिक परकीयांना प्रवेश देण्याची कल्पना अमेरिकेत नवी नाही. १९९० च्या कायद्याने ईबी-५ या नावाने ओळखला जाणारा प्रकार सुरू झाला आणि त्यासाठी वर्षाला सुमारे दहा हजार व्हिसा राखून ठेवण्यात आले. दहा लाख डॉलर, अथवा ग्रामीण वा बेकारीने ग्रासलेल्या भागात पाच लाख डॉलर गुंतवावयाचे आणि दहा माणसांना पूर्ण वेळचे काम द्यावयाचे, अशी अट होती. प्रथम मिळणारे वास्तव्य दोन वर्षांचे व सशर्त असे. रोजगार निर्माण झाल्याचे दाखविल्यावरच ते कायम होई. म्हणजे पैसा हे साधन होते आणि प्रवेशाची खरी किंमत होती ती दहा कुटुंबांना मिळणारी भाकरी. या मूळ कल्पनेत आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नव्हते.

व्यवहारात मात्र तिला लवकरच फाटे फुटले. १९९२ पासून ‘प्रादेशिक केंद्रां’मार्फत गुंतवणूक करण्याची सोय झाली. अनेकांचा पैसा एकत्र करून एखादे हॉटेल वा इमारत उभारावयाची आणि त्यामुळे अप्रत्यक्षपणे किती रोजगार निर्माण झाले असतील याचे गणित कागदावर मांडावयाचे, अशी ही पद्धत. गुंतवणूकदाराला स्वतः उद्योग चालविण्याची फारशी गरज उरली नाही. बेकारीग्रस्त भागाच्या सीमा अशा आखल्या जाऊ लागल्या, की मोठ्या शहरांतील श्रीमंत वस्त्यांतील गगनचुंबी इमारतींनाही गरीब विभागाची सवलत मिळावी. व्हरमाँट राज्यातील जे पीक येथील प्रकरणात तर वीस कोटी डॉलरहून अधिक रकमेचा गैरवापर झाल्याचा आरोप २०१६ मध्ये तेथील रोखे नियामकांनी ठेवला. रोजगाराची आशा लावून बसलेल्या न्यूपोर्ट या लहानशा गावी, जेथे जैवतंत्रज्ञानाचा कारखाना व्हावयाचा, तेथे तो झालाच नाही.

गैरव्यवहाराच्या जोडीला धोरणाची अस्थिरता आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये किमान रकमा वाढवून नऊ लाख व अठरा लाख डॉलर करण्यात आल्या. जून २०२१ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द ठरविला. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रादेशिक केंद्रांच्या कायद्याची मुदत संपली, आणि मार्च २०२२ पर्यंत हजारो अर्जदार अधांतरी राहिले. त्यानंतर झालेल्या सुधारणेने आठ लाख व साडेदहा लाख डॉलर अशा रकमा ठरल्या आणि हिशेबतपासणीचे निर्बंध आले. ही सुधारणा स्वागतार्ह होती. पण प्रादेशिक केंद्रांची तरतूद तिनेही सप्टेंबर २०२७ पर्यंतच दिली. ज्याने घरदार विकून परदेशाचा रस्ता धरला, त्याच्या पायाखालची वाळू अशी दर थोड्या वर्षांनी सरकत असेल, तर त्याला धोरण कसे म्हणावे?

आता ज्याच्याजवळ पैसा नाही, पण कल्पना आणि कर्तृत्व आहे, अशा तरुणाकडे पाहू. अमेरिकी विद्यापीठात शिकून तेथेच लहानसा उद्योग काढू इच्छिणाऱ्या परदेशी पदवीधरासाठी अमेरिकेच्या कायद्यात स्वतंत्र व्हिसा नाही. व्यापारी करार असलेल्या देशांच्या नागरिकांना ई-२ हा मार्ग मिळतो. भारताशी तसा करार नसल्याने तो आपल्या लोकांना बंद आहे. ओबामा यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या दिवसांत, जानेवारी २०१७ मध्ये, परदेशी उद्योजकांसाठी एक नियम झाला. उद्योगात किमान दहा टक्के मालकी आणि अमेरिकी गुंतवणूकदारांचे पुरेसे भांडवल असेल, तर अडीच वर्षे, आणि प्रगती दिसल्यास आणखी अडीच वर्षे राहण्याची मुभा त्यात आहे. पण पुढच्या सरकारने तो लांबणीवर टाकला, न्यायालयाने लांबणीवर टाकणे बेकायदा ठरविले, मग तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि २०२१ मध्ये तो प्रस्तावही मागे घेतला गेला. शिवाय ही केवळ तात्पुरती मुभा. तिच्यातून कायम वास्तव्य आपोआप मिळत नाही. पाच वर्षांनी आपण कोठे असू हे ज्याला ठाऊक नाही, तो माणसे कामावर कोणत्या भरवशावर ठेवणार?

या पार्श्वभूमीवर ‘गोल्ड कार्डा’कडे पाहिले म्हणजे बदल किती मूलगामी आहे ते ध्यानात येते. ईबी-५ मध्ये निदान गुंतवणूक होती आणि रोजगाराची अट होती. येथे गुंतवणूक नाही, उद्योग नाही, रोजगार नाही. आहे ती देणगी. शिवाय व्हिसांची संख्या काँग्रेसच्या कायद्याने ठरते. अध्यक्षांच्या आदेशाने ती वाढत नाही. म्हणून देणगीदारांना जागा द्यावयाची ती असामान्य गुणवत्ता व उच्च शिक्षण यांसाठी राखलेल्या प्रवर्गांतूनच. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जागा येऊ नयेत, या नियमामुळे उच्चशिक्षित भारतीय याच प्रवर्गात दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळत आहेत. त्यांत पुण्या-मुंबईहून गेलेले अभियंतेही आहेत. रांगेत उभ्या असलेल्या विद्वानाच्या पुढे थैलीवाला जाऊन उभा राहावा, असा याचा सरळ अर्थ होतो.

राज्य चालविण्यास पैसा लागतो आणि श्रीमंत परकीय तो आणत असेल तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद केला जाईल. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु युरोपचा अनुभव उलट आहे. ब्रिटनने वीस लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. पैसा कोठून आला याची खातरजमा होत नव्हती, हे त्याचे मुख्य कारण. आयर्लंडने २०२३ मध्ये तेच केले. घरांच्या किमती सामान्य नागरिकांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्यावर पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग काढून टाकला आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ही योजनाच गुंडाळली. त्याच महिन्यात माल्टाची नागरिकत्व विकण्याची पद्धत युरोपीय न्यायालयाने अवैध ठरविली. नागरिकत्व हे राज्य आणि माणूस यांच्यातील निष्ठेचे नाते आहे. ते बाजारात मांडता येत नाही, हे त्या निकालाचे सार.

आपल्याकडील मध्यमवर्गालाही या विषयात सावध राहण्याचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीस वर्षाला अडीच लाख डॉलरच परदेशी पाठविता येतात. आठ लाख डॉलर एकट्याने पाठवावयाचे तर चार आर्थिक वर्षे लागतील. मुलाच्या भवितव्यासाठी आयुष्याची पुंजी पणाला लावू पाहणाऱ्या आईबापांना दलाल परताव्याची हमी देत असतील, तर तेथेच थांबावे. ईबी-५ च्या नियमानुसार गुंतविलेला पैसा जोखमीत असावाच लागतो. हमी दिली तर अर्जच अपात्र ठरतो.

भारत सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांना दीर्घ वास्तव्याची सवलत मंजूर केली, तेव्हा दीड वर्षात दहा कोटी वा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपयांच्या गुंतवणुकीबरोबरच दर वर्षी वीस भारतीयांना रोजगार देण्याची अट घातली. या अटीमागील तत्त्व योग्य आहे. येणाऱ्याने काय आणले यापेक्षा आल्यावर काय उभे केले, हे मोजले पाहिजे. आणि हे मोजण्याचे नियम आदेशांच्या लहरीवर न सोडता कायद्याने स्थिर केले पाहिजेत. स्थलांतरितांच्या कष्टांवर आणि बुद्धीवर अमेरिका मोठी झाली. ते आले तेव्हा त्यांतील बहुतेकांचे खिसे रिकामेच होते, याचा विसर तिला पडू नये.