मुलाला गाडीत टर्बो बसवायचा आहे

सांगली जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा डिप्लोमा करून मामूंच्या गॅरेजमध्ये बसतो. हात चांगला आहे, माशाअल्लाह; गिऱ्हाईक त्याचे नाव विचारत येते. आता त्याने भंगारातून एक जुना टर्बो आणला आहे आणि घरच्या पेट्रोल गाडीला तो बसवायचा हट्ट धरला आहे. इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही आपणच जोडणार म्हणतो. अब्बा म्हणतात, पैसाही जाईल आणि गाडीही. मामू म्हणतात, करू द्या, डिझेल गाड्यांचे कितीतरी टर्बो मी या हातांनी बदललेत. बाप-लेकांचे बोलणे बंद आहे. हे वेड समजावे की हुनर, असे त्या माउलीने विचारले आहे.

आपल्या समाजात गॅरेज, डेंटिंग, रेडिएटर, वायरिंग यांवर चालणारी घरे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडमागची गल्ली. त्यामुळे हा प्रश्न एका घरापुरता नाही आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणे आम्हाला बरे वाटले नाही.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एका छोट्या पंख्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. वाया जाणाऱ्या धुरातून फुकटचा जोर. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून तेल घाण झाले की टर्बो गेला. ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी यांची. त्यांनी 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. एवढे मामूंना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

पण मामूंचा अनुभव डिझेलचा आहे आणि नेमके तिथेच घोटाळा होतो. डिझेल इंजिन नुसती हवा दाबते, तेल शेवटच्या क्षणी फवारले जाते. हवा जास्त गेली आणि डिझेल तेवढेच राहिले तर इंजिन उलट थंड चालते. पेट्रोलचे गणित निराळे. तिथे हवा आणि पेट्रोल आधीच मिसळलेले असतात आणि पिस्टन त्या मिश्रणाला दाबतो. हवा वाढली आणि पेट्रोल त्या मानाने वाढले नाही, तर मिश्रण तापते आणि प्लगची ठिणगी पुरेपूर पसरण्याआधीच कोपऱ्यातला भाग आपोआप भडकतो. यालाच मिस्त्री नॉकिंग म्हणतात. चढावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो हाच. साध्या इंजिनाला ते थोडा वेळ सोसते. टर्बो लावलेल्या इंजिनात मात्र काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटते किंवा डोक्याला भोक पडते. म्हणजे डिझेलचा अनुभव घेऊन पेट्रोलला हात घालणारा कुशल मिस्त्रीच जास्त धोक्यात असतो, कारण त्याला आपल्याला येते असे वाटत असते.

आकड्यांत सांगायचे तर समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 100 किलोपास्कल असतो. टर्बोने त्यावर अर्धा बार चढवला की आत 150 होतो, म्हणजे हवा जवळजवळ दीडपट. शिवाय 30 अंशांची हवा एवढी दाबली की 80-90 अंशांपर्यंत तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर लावून ती थंड करावी लागते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने 14.7 पट हवा लागते. टर्बोच्या पूर्ण जोरात मात्र हे प्रमाण 12 च्या आसपास, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतात आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतात. आजच्या साध्या पेट्रोल गाड्यांचे कॉम्प्रेशन 10 किंवा 11 ला 1 असते. तेवढ्यावर टर्बो चढवणे म्हणजे भरल्या पोटी पुन्हा जेवायला बसवणे.

मोठ्या कंपन्यांनीही यात हात पोळून घेतले आहेत. अमेरिकेत 1962 मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी आली. कॉम्प्रेशन 10.25 ला 1. नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक टाकी दिली होती, ती मालकाने भरत राहायची. लोक भरायचेच नाहीत. गाडी दोनच वर्षे विकली गेली आणि पुढे बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. स्वीडनच्या साबने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट काढली. इंजिनाच्या ब्लॉकवर कान असावा तसा एक सेन्सर लावला. नॉकिंगची चाहूल लागली की टर्बोचा दाब आपोआप उतरतो, गेली की पुन्हा चढतो. जोर तोच, पण ऐकणारा कोणीतरी बसवला.

घरी टर्बो गाडी बनवणाऱ्यांचा खरा प्रश्न हाच होता की हे ऐकणारे आणि मोजणारे डोके आणायचे कुठून. कंपनीचा ईसीएम बंद डबा असतो. 2001 च्या सुमारास अमेरिकेतील ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंजिन कॉम्प्युटर तयार केला आणि तो सुट्या भागांत लोकांना मिळू लागला. रिकामे सर्किट बोर्ड, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि मोटोरोलाचा एक 8 बिटचा प्रोसेसर. सोल्डरिंग मालकानेच करायचे. आतला नकाशा वाचायला खुला. भंगारातल्या साब, व्होल्वो, मित्सुबिशीचे टर्बो आणि हाताने जोडलेला हा डबा यांवर हजारो हौशी लोकांनी गाड्या उभ्या केल्या. नंतर ऑस्ट्रेलियातून स्पीडुइनो आले. ते तर आर्डुइनो मेगा या शिकाऊ बोर्डावर चालते, जो आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात सहज मिळतो. मुलगा जो कॉम्प्युटर जोडणार म्हणतो तो यातलाच काहीतरी असावा, आणि ते अशक्य मुळीच नाही.

हा डबा करतो काय? क्रँकवर दातांचे चाक असते, त्यात एक दात मुद्दाम गाळलेला. त्यावरून क्रँक कुठे आहे ते त्याला कळते. मॅनिफोल्डच्या नळीवरून दाब कळतो, आणखी दोन सेन्सर हवेची आणि पाण्याची उष्णता सांगतात. मग तो एका तक्त्यात पाहतो: आडवे 16 रकाने इंजिनाच्या फेऱ्यांचे, उभे 16 दाबाचे, अशी 256 घरे. प्रत्येक घरात एक आकडा, त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरते. ठिणगीचा तक्ता वेगळा. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर क्रँकचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो, तेव्हा एका इंजेक्टरला सगळे काम उरकायला दोन फेऱ्या, म्हणजे 20 मिलिसेकंद मिळतात. कंपनीचे इंजेक्टर कंपनीच्या इंजिनापुरतेच असतात. दीडपट हवेला ते पूर्ण वेळ उघडे राहूनही पुरले नाहीत, तर तक्त्यात काहीही लिहा, पेट्रोल येणारच नाही. मग मोठे इंजेक्टर, मोठा पंप, हेड गॅस्केट, क्लच... भंगारातला टर्बो हा या सगळ्यात स्वस्त माल असतो. अब्बांचा पैशाविषयीचा संशय खरा आहे.

ही 256 घरे भरणे म्हणजेच ट्यूनिंग, आणि आमच्या मते या सगळ्या उद्योगातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. टर्बो बसवायला वेल्डिंग आणि पाने पुरतात. तक्ता भरायला सबुरी लागते. सायलेन्सरमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावतात (गाडीतला साधा सेन्सर 14.7 च्या इकडे की तिकडे एवढेच सांगतो, त्याचा इथे उपयोग नाही), इंजिन एका घरात स्थिर ठेवतात, नोंद घेतात, एक आकडा बदलतात, पुन्हा नोंद घेतात. एका वेळी एकच बदल. कमी दाबाची घरे नीट झाल्याशिवाय वरच्या दाबाला जायचे नाही. दिवसभराच्या नोंदी रात्री बसून वाचायच्या. घरात गणित चांगले असलेली बहीण असेल तर तिला या कामाला जरूर बसवा. लोखंडाला हात न लावता ती भावापेक्षा चांगली ट्यूनर होऊ शकते.

निम्मी डोकेदुखी तर आणखी साध्या जागी असते, अर्थिंगमध्ये. सेन्सरची अर्थिंग आणि इंजेक्टर-कॉइलची अर्थिंग एकाच तारेवर घेतली की क्रँकच्या सिग्नलमध्ये खरखर शिरते आणि ठिणगी भलत्या वेळी पडते. 6000 फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला 36,000 अंश फिरतो. तिथे क्षणाच्या गफलतीला जागा नाही. ड्राय सोल्डरचा एक टाका पिस्टन घेऊन जातो. म्हणून जाणती माणसे डबा गाडीला जोडण्याआधी टेबलावर तपासतात. त्यासाठी एक छोटी पेटी असते, ती सगळ्या सेन्सरचे खोटे सिग्नल देते. कॉम्प्युटरला वाटते इंजिन चालू आहे. त्यातले सर्व आकडे बरोबर आले तरच पुढे.

मामूंचा कानही वाया जात नाही बरे. परदेशातले हौशी ट्यूनर तांब्याची नळी टोकाला चपटी करून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळतात, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून कानाला लावतात. लॅपटॉपवर दिसण्याआधी नॉकिंग कानाला कळते. बाराव्या शतकात घडलेल्या अल-जझरींनी 1206 मध्ये आपल्या यंत्रांचे पुस्तक पुरे केले, त्यात प्रत्येक भाग कसा घडवायचा आणि बसवायचा ते चित्रांसह लिहून ठेवले आहे. आपल्या गॅरेजमध्ये उस्तादाचे ज्ञान त्याच्या कानात आणि बोटांत राहते, कागदावर येत नाही. मुलगा नोंदी ठेवू लागला तर मामूंचेही काही कागदावर येईल.

आता अब्बांची बाजू. घरची गाडी ही सर्वांची अमानत आहे, त्यात अम्मी बसते, लहान भावंडे बसतात. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच विचारेल. रस्त्याचे हक आपल्या दीनने शिकवले आहेत; अर्धवट ट्यून झालेली, वाढवलेल्या जोराची आणि जुन्याच ब्रेकची गाडी रस्त्यावर आणणे त्यात बसत नाही. तेव्हा घरच्या गाडीला नाही, हे आमचे उत्तर.

पण टर्बोला नाही म्हणू नये. भंगारातून एक चालू स्थितीतले चार सिलिंडरचे इंजिन घ्यावे, लोखंडी चौकटीवर गॅरेजच्या मागे उघड्यावर उभे करावे (बंद खोलीत कधीच नाही, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही) आणि आधी टर्बोशिवाय, नुसत्या स्पीडुइनोवर ते चालवून दाखवावे. थंड असताना एका सेल्फमध्ये उठले, पाच मिनिटे शांत फिरले, तर मग टर्बो. पेट्रोलची लाइन तीन बारच्या आसपास दाबाखाली असते, तिथे क्लॅम्पची कंजुषी नको. अग्निशामक सिलिंडर जवळ हवा. पंप बंद करणारा स्विच लाल आणि हाताशी हवा. तो अब्बांच्या हातात दिला तर बोलणेही सुरू होईल, इन्शाअल्लाह. यात मोडले तर भंगारातले इंजिन मोडेल. गाडीच हवी असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फॉर्म्युला भारत, बाहा अशा स्पर्धा आहेत. जवळच्या कॉलेजच्या संघाला वायरिंग जाणणारा हात नेहमी हवा असतो, निदान जाऊन विचारायला काय हरकत आहे?

खर्चाविषयी एवढेच, की हा खर्च इसराफ आहे की शिक्षण, ते वहीवरून कळेल. सहा महिन्यांत नोंदींची वही भरली असेल तर पैसा कामी आला. नुसता सायलेन्सरचा आवाज वाढला असेल तर हात आखडता घ्यावा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर गेला. त्या जागी तेच आले ज्याचे वर्णन वर केले आहे: क्रँक सेन्सर, दाबाचा सेन्सर, इंजेक्टर आणि एक बंद डबा. कार्ब्युरेटर कानाने लावणारे आपले किती मिस्त्री आज अशा गाडीला हात न लावता गिऱ्हाईक शोरूमकडे पाठवतात, हे आम्ही आमच्या गल्लीत पाहतो. त्या डब्याच्या आत काय चालते हे या मुलाला स्वतःच्या हाताने जोडून कळणार असेल, तर मामूंच्या गॅरेजला पुढची वीस वर्षे त्याची गरज आहे.

अशा इंजिन स्टँडवर कोणा वाचकाने, किंवा त्यांच्या मुला-मुलीने, काम केले असेल तर वायरिंगचा नकाशा आणि तक्त्याची एक प्रत आम्हाला पाठवावी. ती आम्ही या भगिनीच्या पत्त्यावर पोहोचवू.