ज्येष्ठतासूची वाचा, मग भांडा

सरकारी कचेरीत पदोन्नतीचा विषय निघाला की माणसं आपोआप दोन बाजूंना बसतात. एका बाजूला ऐकू येतं, "माझ्यामागून लागला आणि माझा साहेब झाला." दुसऱ्या बाजूला, "आमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या आणि वर आम्हालाच फुकटे म्हणतात." दोन्ही वाक्यांमागे खरं दुखणं आहे. पण या दोघांना ज्याने अडवलंय तो शेजारच्या टेबलावर बसत नाही. म्हणून दोघांनाही हात जोडून सांगणं आहे, एकमेकांवर बोट रोखण्याआधी कागद पाहा.

गाठ नेमकी कुठे बसली आहे ते आधी समजून घ्या. समजा, एका जिल्ह्यात खुल्या प्रवर्गातला एक लिपिक आधी लागला आणि अनुसूचित जातीचा एक लिपिक त्याच्यानंतर. अव्वल कारकुनाचं पद रिकामं झालं. बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरवणाऱ्या तक्त्यात, तो बिंदू अनुसूचित जातीचा होता, म्हणून नंतर लागलेला आधी वर गेला. काही वर्षांनी पहिलाही अव्वल कारकून झाला. आता नायब तहसीलदाराच्या पदोन्नतीसाठी यादी करायची, तर वर नाव कोणाचं? लिपिक म्हणून आधी लागलेल्याचं, की अव्वल कारकुनाच्या खुर्चीत आधी बसलेल्याचं?

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रेल्वे गार्डांच्या वीरपाल सिंग चौहान प्रकरणात आणि पुढे अजित सिंग प्रकरणांत पहिल्याच्या बाजूने कौल दिला. राखीव बिंदूवरचा सहकारी आणखी वर जाण्याआधी खुल्या प्रवर्गातल्याने त्याला गाठलं, तर जुनी ज्येष्ठता परत मिळेल, असं ठरलं. संसदेने २००१ मध्ये पंच्याऐंशीवी घटनादुरुस्ती करून ते फिरवलं. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्याला पदोन्नतीबरोबर ज्येष्ठताही देता येईल, आणि तेही १७ जून १९९५ पासून, अशी तरतूद झाली. नागराज प्रकरणात २००६ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली, पण राज्यावर एक काम टाकलं. हे समाज मागास आहेत आणि त्या पदांवर त्यांचं प्रतिनिधित्व अपुरं आहे, हे आकड्यांनिशी दाखवा. २०१८ मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात मागासलेपण नव्याने सिद्ध करण्याची अट गेली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी स्पष्ट झालं, की हे आकडे संवर्गनिहाय हवेत, सगळ्या सेवेचे एकत्र चालणार नाहीत.

हे आकडे गोळा करणं लिपिकाचं काम नाही, तलाठ्याचंही नाही. ते शासनाचं काम आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात काय झालं ते पाहा. २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के आरक्षण दिलं: अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती ११, विशेष मागास प्रवर्ग २. आकडेवारीचा आधार नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी तो रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इकडे शासन धरसोड करत राहिलं. १८ फेब्रुवारी २०२१ चा शासन निर्णय म्हणाला, राखीव ३३ टक्के जागा रिक्त ठेवा. तीन महिने होण्याच्या आत ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला, की सगळ्याच जागा २५ मे २००४ च्या स्थितीतल्या ज्येष्ठतेने भरा, न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून. या ओढाताणीत कितीतरी माणसं आहे त्याच पदावरून घरी गेली. त्यांत दोन्ही बाजूंची होती.

माझं मत लपवत नाही. पदोन्नतीतलं आरक्षण हवं. ज्या खुर्चीत बसून निर्णय होतात तिथवर एखादा समाज पोचतच नसेल, तर नुसतं खालच्या पायरीवर उभं करून भागत नाही. आणि "राखीववाल्यामुळे कामाची लायकी घसरते" हे बोलणं सोडा. विभागीय पदोन्नती समितीपुढे त्याचेही गोपनीय अहवाल जातात, त्याच्यावर चौकशी चालू आहे का तेही पाहिलं जातं. पण आपली ज्येष्ठता मागणारा खुल्या प्रवर्गातला कर्मचारी म्हणजे जातीयवादी, असं मानणंही तितकंच चुकीचं. पदोन्नतीसाठी आपला विचार व्हावा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. तसं न्यायालयानेच सांगून ठेवलं आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. एक जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठतासूची निघते, आणि बहुतेक जण फक्त स्वतःचा अनुक्रमांक पाहून ती बाजूला ठेवतात. तसं करू नका. आडवी ओळ पूर्ण वाचा: जन्मदिनांक, प्रथम नियुक्तीचा दिनांक, सरळसेवा की पदोन्नती, प्रवर्ग, विभागीय परीक्षा कधी उत्तीर्ण, आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना. मग आपल्या वरच्या चार-पाच जणांच्या ओळी तशाच वाचा. महसुलात दुय्यम सेवा परीक्षा किंवा महसूल अर्हता परीक्षा ठरलेल्या मुदतीत आणि संधींत सुटली नाही, की माणूस खाली सरकतो. आरक्षणामुळे मागे पडलो असं समजून वर्षं काढणाऱ्याचं खरं कारण पुष्कळदा त्या परीक्षेच्या रकान्यात सापडतं. तिथे काही चूक दिसली तर हरकत मुदतीत द्या, लेखी द्या, पोच घ्या. अंतिम यादी होऊन वर्षं उलटल्यावर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅटमध्ये) गेलात, तर पहिला प्रश्न येतो, इतके दिवस कुठे होतात? त्यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. तुमच्यामागच्या कनिष्ठाला आधी पदोन्नती मिळाली असेल आणि ती चुकीने, तर मानीव दिनांक, म्हणजे मागच्या तारखेपासून धरलेली पदोन्नती, मागायचा अर्ज याच कागदांवर उभा राहतो.

राखीव प्रवर्गातल्या मित्रांना एक वेगळं सांगणं. जातवैधता प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात झाली आहे का, हे आजच पाहा. समितीची बैठक लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. आणि आपल्या संवर्गाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासली गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कोणता बिंदू कोणाचा आणि तो किती काळ रिकामा, हे तिथे लिहिलेलं असतं.

राहता राहिल्या संघटना. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची वेगळी, इतरांची वेगळी, मोर्चेही वेगळे. ते राहू द्या, पण एक निवेदन दोघांनी एकत्र द्यावं, एकाच कागदावर दोन्ही अध्यक्षांच्या सह्यांनी: प्रत्येक संवर्गात मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या प्रवर्गाची किती, हे शासनाने दरवर्षी ज्येष्ठतासूचीबरोबर प्रसिद्ध करावं, आणि विभागीय पदोन्नती समितीची बैठक ठरल्या वेळी घ्यावी.