पिशवीतील दुसरी गोळी

मध्यंतरी एक साठीचे गृहस्थ अम्लपित्ताची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. आहार, निद्रा इत्यादी प्रश्न रीतीप्रमाणे झाले. मलाचा वर्ण डांबरासारखा काळा असल्याचे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. 'अन्य औषध?' या प्रश्नास उत्तर 'काही नाही' असे मिळाले. पिशवी पाहता हृदयविकारासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन निघाली आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली, पाण्यात विरघळणारी गोळीही. दोन्ही अ‍ॅस्पिरिनच! दुसरी तर दिवसातून तीन-चार वेळा, उपाशीपोटी. आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. गृहस्थ खोटे बोलले नव्हते. दुकानातल्या गोळीस ते औषध मानीतच नव्हते.

वत्सनाभयुक्त कल्प देताना आपण गुंजेचा हिशेब ठेवतो. या गोळीचा कोणी ठेवीत नाही. प्रौढास वेदनेसाठी एका वेळी ३०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर आणि २४ तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमच्या आत, ही निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा होय. ज्वर तीन दिवसांत वा वेदना दहा दिवसांत न शमल्यास स्वचिकित्सा थांबवावी. ज्यास पूर्वी जठरव्रण झाला, जो वॉरफॅरिन घेतो, जो नित्य मद्यपान करतो, त्यास याहून पुष्कळ कमी मात्राही रक्तस्राव घडवू शकते. आवरणयुक्त गोळीनेही हे भय टळत नाही. डेंग्यूची शंका असता, तसेच सोळा वर्षांखालील मुलांस ती देऊच नये.

आमच्या काही वैद्यबंधूंचा मात्र उलट आग्रह असतो: 'ती इंग्रजी गोळी आधी बंद करा.' हे आम्हांस मान्य नाही. स्टेंट बसविलेल्या रुग्णाची अ‍ॅस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञास न विचारता थांबविणे म्हणजे रक्ताची गुठळी होण्यास वाव देणे. बंद करावयाची ती दुसरी गोळी, पहिली नव्हे.

औषधविक्रेत्यांकडे रुग्ण आपल्याआधी जातो. गोळी देताना 'हृदयाची गोळी चालू आहे का?' एवढे विचारण्यास क्षणच लागतो. गिऱ्हाईक रागावेल ही भीती आम्हांस फारशी पटत नाही.

आम्ही आता रुग्णपत्रिकेत 'दुकानातून आणलेल्या गोळ्या' असा वेगळा रकाना ठेवला आहे. उत्तर 'नाही' आले, तरी पिशवी पाहतो.