'प्रीमियम' मॉनिटर कुणासाठी?

संगणकाचा मॉनिटर ही चैनीची वस्तू आहे, असे समजण्याचे दिवस केव्हाच संपले. भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव जालना जिल्ह्याच्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ. अशा गावातल्या माणसालाही आज सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, भरतीची जाहिरात हे सारे पडद्यावरच वाचावे लागते. टंकलेखनाची सरकारी परीक्षासुद्धा संगणकावर गेली. डीटीपीवाला, सेवा केंद्र चालवणारा, ऑनलाइन सराव परीक्षा देणारा विद्यार्थी यांचे दिवसाचे आठ-दहा तास त्या काचेसमोर जातात. त्यांचे पोट किंवा भवितव्य त्या काचेवर आहे.

असे असताना बाजारात 'प्रीमियम' म्हणून काय विकले जाते ते पाहा. २४० हर्ट्झचा वेग, एक मिलिसेकंदाचा प्रतिसाद, वक्र पडदा, पाठीमागे रंगीबेरंगी दिवे. हे सगळे खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी जरूर खेळावे, आमची तक्रार नाही. तक्रार अशी आहे की महाग वस्तू कोण घेणार हे कंपन्यांनी आधीच ठरवून टाकले आहे आणि त्या यादीत धावड्याचा माणूस नाही. तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दुकानात गेला की दुकानदार सर्वांत स्वस्त डबा पुढे करतो आणि म्हणतो, 'तुम्हाला हे पुरे.' हे 'तुम्हाला हे पुरे' आपल्या लोकांनी शाळेपासून दवाखान्यापर्यंत किती ठिकाणी ऐकले आहे, हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको.

या ग्राहकाला खरोखर काय हवे आहे? पहिली गोष्ट, अक्षर स्पष्ट दिसले पाहिजे. आणि ते देवनागरी अक्षर आहे, हे कंपन्या विसरतात. इंग्रजी अक्षर थोड्या ठिपक्यांत भागते. मराठीत वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर. ठिपके कमी पडले की 'बुद्ध' मधला 'द्ध' आणि 'द्वारा' मधला 'द्व' सारखेच काळे दिसू लागतात. सातबाऱ्यावरचा १ आहे की ९ हे डोळे बारीक करून पाहावे लागते. गट नंबरातला एक आकडा चुकला तर काय होते, हे ज्याने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याला विचारा.

इथेच मोठी फसगत होते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, पडदा लहान असो वा मोठा. २४ इंची पडद्यावर ते एका इंचात साधारण ९२ बसतात. २७ इंचीवर तेच ८२ होतात. म्हणजे जास्त पैसे मोजून ग्राहक जास्त फाटलेले अक्षर घरी नेतो! २७ इंचीवर '४ के' घेतला तर इंचाला सुमारे १६३ ठिपके मिळतात आणि मराठी मजकूर छापील कागदाच्या जवळ जातो. दुकानदार इंच मोजून दाखवतो, ठिपके दाखवत नाही.

ओएलईडी पडदे सध्या सर्वांत महाग. काळा रंग त्यावर खरा काळा दिसतो, सिनेमासाठी उत्तमच. पण त्यातील क्यूडी-ओएलईडी प्रकारात रंगांचे ठिपके त्रिकोणी मांडणीत असल्यामुळे आडव्या कडांना हिरवट-जांभळट झालर दिसू शकते. मराठीची तर प्रत्येक ओळ आडव्या शिरोरेषेवर टांगलेली! शिवाय एकच चित्र रोज तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो. डीटीपीवाल्याच्या पडद्यावर तीच साधनपट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत असते. त्याने ही महाग वस्तू घेऊ नये, असे माझे मत आहे. चांगला आयपीएस पडदा त्याच्या कामाचा. आणि डब्यावरच्या एचडीआर ४०० या शिक्क्याला फार भुलू नये. त्या मालिकेतली ती सर्वांत खालची पायरी आहे.

दुसरी गोष्ट, उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड. स्वस्त मॉनिटरला तो नसतो, म्हणून लोक खाली जुने रजिस्टर ठेवतात. मानेच्या दुखण्याचा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

यासाठी धावड्याचा माणूस पैसे देईल का? हिशेब करा. स्वस्त मॉनिटर आठ हजारांचा आणि चांगला '४ के' पंचवीस हजारांचा धरला तर फरक सतरा हजारांचा. पाच वर्षे वापरला तर दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. ज्याचा धंदा त्यावर आहे तो देईल. गावातल्या अभ्यासिकेने वर्गणीतून असा एक जरी घेतला तरी मुलांच्या डोळ्यांचे भले होईल. मात्र तो एका अटीवर देईल, आणि ती तिसरी गोष्ट आहे. बिघडला तर दुरुस्त करायला कुणी येईल का?

'तीन वर्षे ऑनसाइट वॉरंटी' असे मोठ्या अक्षरात असते. बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत, ठरावीक शहरांची अट असते. धावड्याचा पिनकोड टाकला की ऑनसाइट गळून पडते आणि 'सेवा केंद्रात आणून द्या' असे उत्तर मिळते. किंमत छत्रपती संभाजीनगरच्या ग्राहकाइतकीच, १८ टक्के जीएसटी तेवढाच, मग सेवा अर्धी का?

खराब ठिपक्यांचेही तसेच. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे कायम पेटलेले दोन आणि कायम विझलेले दोन ठिपके माफ होते. '४ के' पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके, म्हणजे पेटलेले सोळा चालतील! २००८ मध्ये ९२४१ मालिकेतील नवे मानक आले, पण दहा लाखांमागे मोजण्याची रीत तीच राहिली. उलट डेलसारखी कंपनी आपल्या अल्ट्राशार्प मालिकेत एक जरी ठिपका पेटलेला निघाला तरी पडदा बदलून देण्याची हमी देते. प्रीमियम म्हणायचे तर याला म्हणा.

आता कायद्याचे. 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही' असे सांगून दुकानदार हात झटकतो. हे खोटे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा हा ग्राहकच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उदाहरण दिले ते टाइपरायटरचे. दुसऱ्यांचे टंकलेखन करून पोट भरणारा माणूस टाइपरायटर स्वतः चालवत असेल तर तो ग्राहक ठरतो. आज त्या टाइपरायटरच्या जागी मॉनिटर आहे, एवढाच फरक.

तक्रार करायला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे धावड्याच्या माणसाला जालन्यात तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन घेतला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण दिले पाहिजे.

म्हणून घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे पक्क्या बिलावर लिहून मागा. एका इंचात ठिपके किती? किती खराब ठिपके निघाल्यावर बदलून देणार? आणि माझ्या पिनकोडवर माणूस येणार की नाही? डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करा, पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून त्याच दिवशी तपासा, आणि बिलाची झेरॉक्स काढून ठेवा, कारण दुकानाच्या छापील बिलाची शाई वर्षभरात उडून जाते.